सूतभर

माळ्यावरच्या गोणपाटात तो निघाला.
रंधाच. पाचर आहे, पातं आहे, मूठ आहे,
पण बूड सपाट नाही:
पुस्तक अर्धं उघडून कण्यावर उभं धरावं
तशा दोन बाजू, आणि पात्याचं टोक
नेमकं त्या कण्यातून डोकावणारं.
सोबत बाबांची फूटपट्टी, पिवळ्या लाकडाची, पितळी टोकांची.
ती मी ओळखली. तिच्याशी माझं जुनं भांडण.

भंवरलाल आमच्या सोसायटीत किचनच्या ट्रॉल्या बसवतो.
त्यानं मशीन बंद केलं, रंधा प्लायवर ठेवला.
रंधा कलंडला.
"ह्यानं काही सपाट होणार नाही, मॅडम."
भाच्यानं फोटो काढून चौघांना पाठवले:
एक म्हणे नारळ सोलायचं, एक म्हणे होडीचं काहीतरी,
तिसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र धाडलं,
चौथा अजून टाइप करतोय.
चोरबाजारात साडेआठशे सांगितले.
"दिवाणखान्यात ठेवतात लोक, वर दिवा लावून."
काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं,
किंमत ठाऊक होती.

मग माझगावात पास्कोल रुमाव.
बाबांच्या ओतशाळेतला उरलेला एकटा, वय एक्याण्णव,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यानं बघितलंच नाही. अंगठा फिरवला,
पात्यावरून, मग कण्यावरून खाली.
"गाभ्याचा रंधा," म्हणाला.
"हा भरीव काही करीत नाही गो, हा पोकळी करतो.
नळाच्या आतून पाणी जातं ना,
ते जायची जागा आधी लाकडात कोरावी लागते."
खाटेखालून देवदाराचा ठोकळा ओढला,
मधोमध ओबडधोबड घळ, दोन्हीकडे सरळ कडा.
"दोन बाजू दोन कडांना टेकव. आता ढकल.
मोजू नकोस. कंपास नको.
कोपरा जाईल तिथं अर्धा गोल."

मी ढकलत राहिले. ढलपी निघाली, केसाएवढी,
मग दुसरी, जरा बरी,
आणि मध्येच माझा हात थांबला.
अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो:
बत्तीस वर्षं नववीच्या फळ्यावर लिहिलंय मी,
पक्ष, साध्य, सिद्धता,
विक्रोळीच्या शाळेत, कोपरापर्यंत खडू माखून.
आणि ते प्रमेय इथं
आमच्याच माळ्यावर
पाचर मारून ठेवलेलं.

निघताना पिशवीतून फूटपट्टी काढली.
चौथीत हिनंच आखली होती मी बारा इंचांची रेघ.
बाईंनी त्यांच्या पट्टीनं मोजली, तांबडी फुली मारली:
एक सूत जास्त.
घरी येऊन म्हटलं, बाबा, तुमची पट्टी खोटी आहे.
ते जेवत होते. म्हणाले, असेल.

पास्कोल हसला, ठसका लागेपर्यंत.
"खोटी कशी? लोखंड निवताना आकसतं.
फुटामागं एक सूत.
म्हणून साचेवाल्याची पट्टी तेवढी लांब.
हातातलं माप चुकीचं दिसतं,
निवल्यावर बरोबर येतं."
मग म्हणाला, चहा घेशील का,
आणि सुनेला हाक मारली.

आता दोन्ही टेबलावर आहेत.
रंध्याच्या नाकावर तीन अक्षरं ठोकलेली: ग. रा. त.
बाबांची नाहीत. पास्कोललाही लागली नाहीत.
खाली बाबांची, नंतरची, वाकडी, शेवटचं अर्धंच उमटलेलं.
कुणाचा होता, विकत घेतला की कुणी मरताना दिला,
ते विचारायचं घर बंद झालं.

काल रात्री वहीचं पान आडवं धरलं,
हिच्या मापानं एक रेघ आखली, बारा इंच,
पान अपुरं पडलं,
उरलेली टेबलावर गेली.
पुसलेली नाही.